राजकोटचा पुतळा: घाई कुणाला होती?

सह्यकडा: मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या ३५ फुटी शिवपुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. आधी खापर वाऱ्यावर फोडून झालं. मग कला संचालक म्हणाले, आम्ही मान्यता दिली ती सहा फुटी मातीच्या प्रतिकृतीला! पाहुणे आणि तारीख आधी ठरली की शिल्पकाराला विचारतो कोण?

पेठेतला: पुतळ्यात राजकारण काय आज घुसलं? पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलमधल्या अश्वारूढ पुतळ्याची कोनशिला १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते बसवली, पुढाकार शाहू महाराजांचा. त्यात ब्राह्मणेतर राजकारण नव्हतं? तरी शिल्पकार करमरकरांचं ते काम १९२८ पासून ठणठणीत उभं आहे.

सह्यकडा: कोनशिला ते अनावरण सात वर्षं. मी तेच म्हणतोय.

पेठेतला: त्या सात वर्षांत शाहू महाराज गेले, स्मारकाला पाठबळ देणारे ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे गेले. सगळा वेळ कलेलाच दिला असं समजू नका.

बिनधास्त_बाई: पुतळेच कशाला? त्या पैशात दवाखाना काढा.

निळी_पाटी: ताई, दवाखाना सरकारने काढायचाच आहे, तो आमच्या पुतळ्याच्या बदल्यात नको. गावोगावचे बाबासाहेबांचे पुतळे लोकांनी वर्गणी काढून बसवलेत. ज्यांना चौकात मान नव्हता त्यांनी तो असा मिळवला. हेही राजकारणच, आणि मला ते मान्य आहे. राग मुंबईत इंदू मिलच्या जागेवरच्या बाबासाहेबांच्या स्मारकाचा येतो. भूमिपूजन २०१५ चं, तारखा आपल्या पुढे पुढे.

सह्यकडा: हे पटलं. पण अरबी समुद्रातलं शिवस्मारक बघा. जलपूजन २०१६ चं. २०१८ मध्ये आराखडा बदलून महाराजांची उंची ८३.२ वरून ७५.७ मीटर केली आणि तलवार ३८ वरून ४५.६ मीटर. बेरीज जवळपास तीच. महाराज लहान झाले तरी चालतील, आकडा उतरता कामा नये!

पेठेतला: हा मुद्दा बिनतोड. तरी मालवणचं काम राजकारणाने नाही, हलगर्जीपणाने पडलं. चौकशी अहवालात गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग आहे.

निळी_पाटी: आणि वेल्डिंग नीट तपासायला वेळ का नव्हता? आता त्याच जागी ६० फुटी बसवलाय, मे २०२५ मध्ये. ३५ फूट कुणाला कमी पडत होते, तेवढं सांगा.