राजापूरच्या सीटबद्दल कालची ती पोस्ट, आणि माझं उत्तर

तळकोकणी:
काल एकाने लिहिलं की राजापूर लोकसभा मतदारसंघाने 57 ते 91 अशी चौतीस वर्षं भाषणं ऐकून मतं दिली, कायम हरणाऱ्या बाजूला राहिला आणि म्हणून मागे पडला. बाकीचे सत्तेबरोबर राहिले आणि कामं करून घेतली, असा सगळा सूर. रात्री झोप नाही लागली मला.

बाबांनो, 1957, 62, 67 या तिन्ही निवडणुकांत समाजवादी नाथ पै. 71 च्या जानेवारीत ते गेले, मार्चमध्ये मतदान, इंदिराबाईंची लाट एवढी की भलेभले आडवे झाले, आणि राजापूरने समाजवादी मधू दंडवतेंना निवडलं. तो माणूस नगरचा, मुंबईत फिजिक्स शिकवणारा, इथे ना जमीन ना जात ना पाहुणे. 84 ला तर महाराष्ट्रात 48 पैकी 43 जागा काँग्रेसला, तेव्हाही इथे दंडवतेच. लाटेत न वाहणाऱ्याला भावनेवर मत देणारा कसं म्हणता? माझी आजी सांगायची, "नाथ पै इले आणि मी गुरां बांधूक इसारलंय." गुरं विसरली हे खरं, पण घरी येऊन ती बेळगावच्या प्रश्नावर आजोबांशी भांडायची. चौथी नापास बाई!

देवगड ते दादर:
आजीबद्दल आदर आहे. पण माझे वडील गिरणीत होते, परळला एका खोलीत अकरा जण, गावाला मनीऑर्डर. 57 पासून 91 पर्यंत समाजवादी खासदार, आणि गावात तरुण पोरगा दिसायचा तो फक्त गणपतीत नाहीतर शिमग्याला. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं, त्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीच्या अधिकारासाठी नाथ पैंनी बिल मांडलं, फार मोठं काम, मान्य. पण आमच्या वाडीवर विहीर नव्हती. संसदेत गाजणारा खासदार आणि वाडीत कोरडी विहीर, हे दोन्ही एकदम खरं आहे आणि तुम्ही एकच सांगता.

तळकोकणी:
विहीर खासदाराने खणायची? जिल्हा परिषद कशाला होती मग? आणि रेल्वे विसरलात का?

कलमवाला राजापूर:
आली रेल्वे. दर वेळी हेच, दंडवतेंनी कोकण रेल्वे आणली. मी विरोधक नाही त्यांचा पण हिशोब नीट मांडा. 77 ला ते रेल्वेमंत्री झाले, कोकणाकडे येणारा आपटा-रोहा हा रेल्वेचा टप्पा मार्गी लागला, रोह्याला गाडी पोचली 86 ला. रोह्याच्या पुढे काय? 90 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, बांधकाम इंजिनिअर ई. श्रीधरन यांचं, पैसा रोख्यांतून आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या राज्यांच्या हिश्श्यातून, आणि जमीन आमची. आमची म्हणजे माझ्या घराची, कलमांची चाळीस झाडं गेली, मोबदल्याला वडिलांनी किती खेपा घातल्या ते मी लहानपणी बघितलंय. आणि एवढं करून राजापूर रोड स्टेशन गावापासून कुठे, तर रात्री उतरलात तर रिक्षावाला म्हणेल ते भाडं. लांबच्या गाड्या आमच्या छाताडावरून केरळला जातात, थांबत नाहीत!

देवगड ते दादर:
हेच म्हणतोय मी.

तळकोकणी:
नाही, तुम्ही वेगळं म्हणत होतात. आणि 90 ला फर्नांडिस रेल्वेमंत्री होते तेव्हा अर्थमंत्री कोण होतं? दंडवते! अर्थ खात्याने मान डोलवल्याशिवाय महामंडळ उभं राहतं का? सेकंड क्लासच्या लाकडी फळीवर दोन इंच फोम कोणी लावला? तुम्ही आज त्याच फोमवर झोपून गावी येता आणि विचारता काय केलं.

कलमवाला राजापूर:
मी झोपून येत नाही, मी गावातच असतो. मुंबईहून येणारे तुम्ही लोक. मे महिन्यात पंधरा दिवस येऊन आम्हाला इतिहास शिकवू नका.

तळकोकणी:
मी कुडाळला राहतो, जन्मापासून. माहिती नसताना बोलू नका.

कलमवाला राजापूर:
ठीक, ते मागे घेतो. चाळीस झाडांचं मागे घेत नाही.

सावंतवाडीची सून:
दादा, रेल्वेवरून भांडत बसलात आणि मूळ मुद्दा राहिला. कालच्या पोस्टमध्ये 91 चं नावच नाही. ज्याला पाच वेळा निवडलं त्याच दंडवतेंना याच लोकांनी पाडलं आणि सुधीर सावंत काँग्रेसचे आले. मग 96 पासून सुरेश प्रभू, शिवसेनेचे, चार वेळा. प्रभूंना 2009 मध्ये नीलेश राणेंनी पाडलं, 14 आणि 19 ला विनायक राऊत दीड लाखाच्या वर फरकाने, आणि 24 ला नारायण राणे 47,858 ने. भाबडा मतदार असं करतो का?

माझा राग वेगळाच आहे. 2008 च्या मतदारसंघ फेररचनेत राजापूर हे नावच लोकसभेतून गेलं, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आलं. वरून चिपळूण आणि रत्नागिरी जोडले, आणि विधानसभेच्या वेंगुर्ला, मालवण, देवगड या तिन्ही जागा पुसल्या. 24 चा निकाल बघा, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर राऊतांकडे आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी राणेंकडे. दोन जिल्हे दोन तोंडांना. चिपळूणच्या माणसाचं आणि गोव्याच्या सीमेवरच्या बांद्याच्या माणसाचं दुखणं एक आहे का? आमच्याकडे गोव्याला नोकरीला जाणारी पोरं, त्यांच्याकडे वाशिष्ठीचा पूर. एकच खासदार दोघांचं काय ऐकणार?

देवगड ते दादर:
ताई, हे पटलं. देवगडची जागा गेली तेव्हा आमच्याकडे कोणी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. पण तळकोकणी भाऊ, 91 बद्दल तुम्ही गप्प का? तुमच्या शहाण्या मतदाराने दंडवतेंना का पाडलं मग?

तळकोकणी:
कारण मंडल, मंदिर आणि मुंबईहून आलेली सेना, सगळं एकदम गावात शिरलं. आमच्या घरात त्या वर्षी तीन पक्षांची मतं पडली. काकांनी दंडवतेंना दिलं नाही हे आजीला कळलं तेव्हा ती आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मला आजही ते मत चुकीचं वाटतं.

पण विहिरीचं तुमचं बरोबर आहे. आमच्याही वाडीत नव्हती. 71 मध्ये नव्हती आणि 91 मध्येही नव्हती.

कलमवाला राजापूर:
आणि गाडी अजून थांबत नाही.