मदत हवी आहे: तीन शाखांचे संशोधन एकाच झोटेरो संग्रहात कसे लावावे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या भूजलातील फ्लोराइडवर भूशास्त्र, दंतवैद्यक आणि जलशुद्धीकरण अशा तीन शाखांचे लोक मिळून काम करतोय. शोधनिबंध झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सामायिक ग्रुपमध्ये ठेवतो. अडचण शोधताना येते. दंतवैद्यकवाले 'फ्लोरोसिस' (जादा फ्लोराइडने दात-हाडांना होणारा विकार) असा टॅग देतात, भूशास्त्रवाले 'खडक-पाणी आंतरक्रिया', अभियंते 'अधिशोषण' (फ्लोराइड एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावर धरून पाण्यातून काढणे). त्यामुळे एकाच तालुक्यावरचे निबंध एकत्र दिसत नाहीत, आणि आम्हाला नेमके तेच दुवे हवेत.

विषयवार फोल्डर करून पाहिले. एक निबंध तिन्हींत टाकता येतो, पण टाकायचे राहून जाते. आपोआप येणारे टॅग बंद केले, तरी गोंधळ उरलाच. 'मेश' ही ठरावीक विषय-शब्दांची शब्दावली वैद्यकासाठी उत्तम, खडकांपाशी मात्र तोकडी पडते. झोटेरोत टॅगना उतरंड नाही, म्हणून ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणाच्या (विषयाचे पैलू सुटे करून मांडण्याची पद्धत) धर्तीवर टॅगना स्थळ, पद्धत, परिणाम असे उपसर्ग लावावेत असे मला वाटते.

पीडीएफ वेगळीकडे ठेवल्या आहेत, त्यामुळे झोटेरोच्या मोफत साठवणुकीची ३०० एमबीची मर्यादा आड येत नाही. सशुल्क सॉफ्टवेअर किंवा ग्रंथपाल परवडणार नाही.

असे उपसर्ग अनेकांच्या सामायिक संग्रहात कोणी वापरलेत का? आणि जुने टॅग काढून टाकावेत, की तसेच ठेवून नवे जोडावेत?