दात दुखत नसताना तपासणीला जायचं, तर नेमकं काय काय करून घ्यावं?

कृष्णाकाठ

घरात चार माणसं, सध्या कोणाचाच दात दुखत नाही. वडील ६८ वर्षांचे. मधुमेह, रक्तदाब आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू. आई ६२, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. मी चाळिशीत, मुलगी ५ वर्षांची. सगळ्यांची एकदा नीट तपासणी करायची आहे. पण बऱ्याच ठिकाणी "आ करा... ठीक आहे, सफाई करून टाकू" एवढ्यावरच आटपतं असं ऐकतो. चांगल्या तपासणीत काय काय व्हायला हवं? दर सहा महिन्यांनी जायलाच हवं का? एक्स-रे टाळावा का? आणि सफाईने दात हलायला लागतात हे खरं का? कऱ्हाड-सांगली भागात कुठेही जाऊ शकतो. माहीतगारांनी तपशिलात लिहावं.

अक्कलदाढ

दुखत नाही तेव्हाच जायचं असतं. दाताच्या वरच्या कडक थराला, म्हणजे इनॅमलला, नसच नसते. कीड तिथे असेपर्यंत काही जाणवत नाही. आतल्या डेंटिनमध्ये गेली की थंड-गोड झोंबतं, आणि रात्री झोपमोड करणारी ठणक लागते तेव्हा ती बहुधा नसेपर्यंत पोचलेली असते. पहिल्या टप्प्यावर फ्लोराइडने भागतं, दुसऱ्यावर सिमेंट भरून, तिसऱ्यावर रूट कॅनल आणि कॅप, नाहीतर दात काढणं.

पूर्ण तपासणीला पहिल्या वेळी २० ते ३० मिनिटं लागतात. आधी आजार आणि औषधांची चौकशी. ही कोणी केली नाही तर तिथेच उठून या. मग गळ्याच्या गाठी, जबड्याचा सांधा, तोंड किती उघडतं ते. मग ओठ आणि गाल आतून, टाळू, जिभेखालची जागा. जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही बाजूंनी बघायची असते. तोंडाचा कॅन्सर जिभेच्या कडेला लपतो आणि नुसतं "आ" करून ती कड दिसत नाही.

त्यानंतर दात, तेही हवेने कोरडे करून. कीड सुरू होताना पडणारा खडूसारखा पांढरा डाग थुंकीने ओल्या दातावर दिसतच नाही. टोकदार सळई खाचेत जोरात खुपसून "अडकली, म्हणजे कीड" असं ठरवायची पद्धत जुनी झाली. कमकुवत झालेला थर त्या टोचण्यानेच मोडू शकतो.

शेवटी हिरड्या. इथेच बहुतेक दवाखाने घाई करतात. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई दात आणि हिरडीच्या फटीत हलक्या हाताने घालून प्रत्येक दाताभोवती सहा जागी खोली मोजतात. १ ते ३ मिमी ठीक. ४-५ म्हणजे हिरडी दातापासून सुटायला लागली आहे, खोल सफाई हवी. ६ आणि पुढे असेल तर हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे. हे आकडे कागदावर मागून घ्या. पुढच्या वेळी तुलना करायला दुसरं काही नसतं, आणि "हिरड्या थोड्या खराब आहेत" या वाक्याचा पुढे काहीच उपयोग होत नाही.

वडिलांची गोळी नक्की कोणती?

शेवगा_शेंग

केसपेपर वाचायला शिका, फार सोपं आहे. प्रत्येक दातासाठी दोन आकडे असतात. पहिला तोंडाचा भाग: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा, उजवं-डावं पेशंटचं. दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजत मागे. म्हणजे ४६ ही खालची उजवी पहिली मोठी दाढ, ३८ ही खालची डावी अक्कलदाढ. दुधाच्या दातांना पहिला आकडा ५ ते ८. हे कळलं की "तीन दाढा भरायच्यात" म्हटल्यावर कोणत्या ते विचारता येतं, आणि आरशात बघताही येतं.

हिरडीताई

सफाईबद्दल मी लिहिते. सफाईने दात हलत नाहीत. दातावर साठलेला मऊ थर काही दिवसांत कडक होऊन किटण बनतं, मग ते ब्रशने निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतून आणि वरच्या दाढांच्या बाहेरून ते सर्वांत जास्त, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. किटणाखाली हाड झिजत जातं आणि दात आधीच सैल झालेला असतो. किटणाचा ढीगच त्याला धरून ठेवतो. ढीग काढला की सैलपणा समोर येतो आणि दोष सफाईवर जातो. फटी पडल्यासारखं वाटतं तेही त्याचमुळे. किटण होतं तिथे आता मोकळी जागा आहे.

सफाईचं यंत्र सेकंदाला २५ हजारांहून जास्त वेळा थरथरतं, सोबत पाण्याचा फवारा. टोक दाताला आडवं टेकवून हलकं फिरवलं तर इनॅमल घासत नाही. टोक उभं रोवलं किंवा एकाच जागी दाबून धरलं तर ओरखडे पडतात, पाणी कमी पडलं तर दात तापतो. त्यामुळे पाणी नीट येत नसेल तर हात वर करून थांबवायला लाजू नका. नंतर एक-दोन दिवस किंचित रक्त आणि आठवडाभर थंड झोंबणं हे अपेक्षित आहे. त्याहून जास्त टिकलं तर परत दाखवा.

रक्त येतं म्हणून हिरडीजवळ ब्रश न फिरवणं हा सगळ्यात उलटा उपाय. रक्त येतं तिथेच मऊ ब्रश ४५ अंशात धरून फिरवायचा.

कृष्णाकाठ

वडिलांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली गोळी आहे. रक्तदाबाला अॅम्लोडिपिन. सफाईच्या आधी गोळी चार दिवस बंद करा असं शेजारच्या काकांनी सांगितलंय.

अक्कलदाढ

अजिबात बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका हिरडीतून थोडं जास्त रक्त येण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. गोळी चालू ठेवूनच सफाई करतात. हवं तर एका वेळी एकच बाजू, आणि नंतर गॉज दाबून धरायचा. बदल करायचाच झाला तर तो फक्त हृदयाचे डॉक्टर ठरवतील. वॉरफेरिन (रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी) घेणाऱ्यांनी मात्र ताजा आयएनआर रिपोर्ट, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, न्यावा. हृदयात कृत्रिम झडप असेल तर रक्त येणाऱ्या उपचाराआधी प्रतिजैविकाचा डोस लागतो, नुसत्या स्टेंटला लागत नाही.

अॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या सुजून दातांवर चढतात. दिसलं तर डेंटिस्टने फिजिशियनला चिठ्ठी द्यावी. गोळी बदलता येते, पण आपल्या मनाने नाही.

एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, शेवटचा रिपोर्ट न्या. साखर जास्त असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. म्हणून वडिलांना मी दर ३-४ महिन्यांनी बोलावेन. तुम्हाला कीड नसेल आणि हिरड्यांचे आकडे ३ च्या आत असतील तर वर्षाने आलात तरी चालेल. सहा महिने हा नियम सरसकट नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेचं मार्गदर्शन मोठ्यांसाठी ३ ते २४ महिने आणि मुलांसाठी ३ ते १२ महिने असं आहे. कोणाला किती ते धोका बघून ठरतं.

मिरजकर

आईंना सगळ्यात आधी न्या. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, दात घासायची पूड नव्हे. जिथे बोटाने चोळतात तिथली हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणं, तोंड कमी उघडणं, यातलं एकही असेल तर सफाई बाजूला ठेवून आधी तज्ज्ञाकडून ते तपासून घ्या, गरज वाटली तर बायोप्सी, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासणी. घरच्या घरी ढोबळ चाचणी: स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये मावायला हवीत. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांत ती आधी अडीच होतात, मग दोन.

आणि बिडी-सिगरेटवाल्यांनी "माझ्या हिरड्यांतून रक्त येत नाही" यावर खूश होऊ नये. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार आत वाढत असतानाही हिरडी कोरडी दिसते.

बालदंत

पाच वर्षांच्या मुलीसाठी वेळ अगदी योग्य आहे (खरं तर पहिली भेट पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हायला हवी). सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना एकही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना तीही दुधाचीच वाटते, आणि पडणारच आहे म्हणून किडू दिली जाते. तिच्या खोल खाचा सीलंट नावाच्या पातळ लेपाने बुजवून घ्या. त्यासाठी ती पुरेशी वर आलेली आणि कोरडी ठेवता येणारी हवी; थुंकी लागली तर सीलंट सुटतो. दुधाच्या दाढाही १० ते १२ वर्षांपर्यंत जागा राखतात, लवकर काढल्या तर मागचे दात पुढे सरकतात.

फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा लेप) वर्षातून दोनदा. लावल्यावर चार तास कडक आणि गरम काही नको, त्या रात्री ब्रशही नको. घरी मटारच्या दाण्याएवढी, १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी.

नेताना "घाबरू नको, दुखणार नाही" म्हणू नका. दुखण्याचा विचार तिथूनच डोक्यात येतो. "दात मोजायला जाऊ" पुरे.

शेवगा_शेंग

विदर्भातल्या वाचकांसाठी जोड: चंद्रपूर, यवतमाळकडे बोअरच्या पाण्यात काही ठिकाणी फ्लोराइड मुळातच जास्त असतं. तिथे मुलांच्या दातांवर पांढऱ्या-तपकिरी रेघा दिसल्या तर ती कीड असेलच असं नाही. आधी पाणी तपासा. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

अक्कलदाढ

एक्स-रे राहिला. दोन दाढांच्या मधली कीड डोळ्याने दिसत नाही, त्यासाठी छोटा एक्स-रे लागतो. डिजिटल सेन्सरवरच्या एका छोट्या एक्स-रेचा डोस साधारण एका दिवसात निसर्गातून आपल्याला मिळतो तेवढा किंवा त्याहून कमी. म्हणून घाबरायचं कारण नाही, पण प्रत्येकाचा, प्रत्येक भेटीत, तपासायच्या आधीच काढणंही बरोबर नाही. पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, अक्कलदाढा किंवा हाड बघायला; बारीक किडीला तो पुरत नाही. गरोदर असाल तर आधी सांगा.

पहिल्याच भेटीत "सहा दाढा भरायच्या" असं आलं तर प्रत्येकीचा फोटो किंवा एक्स-रे दाखवा म्हणा आणि फाइल व्हॉट्सॲपवर मागा. इनॅमलपुरती असलेली कीड बहुतेकदा भरायची नसते, फ्लोराइड लावून लक्ष ठेवायचं असतं.

मिरजकर

जागा: कऱ्हाड आणि सांगली दोन्हीकडे दंत महाविद्यालयं आहेत. विद्यार्थी तपासतात, शिक्षक पुन्हा बघतात. खर्च कमी, वेळ जास्त, अर्धा दिवस धरा. आईंना तिथल्या तोंडाच्या आजारांच्या विभागात दाखवा. खासगीत गेलात तर भिंतीवर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी बघा, आणि हत्यारांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असेल तर ते ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रातून, गेलंय. नुसतं द्रावणात बुडवून काढलेलं चालणार नाही.

कृष्णाकाठ

आभार. आईला या आठवड्यातच नेतो. वडिलांना कोणत्या वेळी नेऊ?

अक्कलदाढ

सकाळी, नाश्ता आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच. उपाशीपोटी खुर्चीत बसवलं तर साखर उतरते. ग्लुकोमीटर असेल तर खिशात ठेवा, सोबत साखरेचं पाकीट. खुर्चीतून उठताना एकदम उभं करू नका, रक्तदाबाच्या गोळ्यांवर चक्कर येते; दोन मिनिटं बसवून मग उठवा. कवळी वापरत असतील तर तीही घेऊन या.