उ: रात्रीच्या कबड्डीचे फोटो हललेले येतात

तुम्ही लिहिलंत, एफ/४ च्या लेन्सने १/१२५ सेकंदाच्या शटरवर फोटो काढता आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० च्या वर नेत नाही. हा हट्ट आधी सोडा. १/१२५ वर चढाई करणारा धूसर येणारच. निदान १/५०० हवं. आयएसओ ३२०० झाला तरी चालेल, त्याने फोटोत येणारे दाणे नंतर कमी करता येतात. ८५ एमएम एफ/१.८ लेन्स मिळाली तर बघा, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, तुमच्या एफ/४ च्या जवळपास पाचपट. फ्लॅश नकोच, खेळाडूंच्या डोळ्यांवर येतो.

आणखी एक गोम: आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, म्हणून लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, दुसरा काळपट. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (मिणमिणण्याशी जुळवून फोटो टिपायची सोय) असेल तर चालू करा. मी तर बोनस रेषेवरच (जिच्यापलीकडे पाय टेकवून चढाई करणारा जादा गुण मिळवू शकतो) फोकस धरून बसतो. पाय टेकवताना गडी क्षणभर थबकतो ना!