मदत हवी आहे : ‘पर्यंत’साठी ‘बाय’ केव्हा आणि ‘अंटिल’ केव्हा?

नमस्कार. कामानिमित्त मला मराठी मजकूर रोज इंग्रजीत करावा लागतो. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ किंवा ‘स्टेशनरी’च्या दोन स्पेलिंगांसारख्या जोड्या शब्दकोश उघडला की सुटतात. माझी अडचण निराळी आहे: मराठीत जिथे एकच शब्द पुरतो, तिथे इंग्रजीत दोन असतात, आणि निवड चुकल्याचे लिहिणाऱ्याला जाणवतही नाही.

‘अहवाल शुक्रवारपर्यंत पाठवावा’ हे वाक्य मी ‘सेंड द रिपोर्ट अंटिल फ्रायडे’ असे लिहिले होते. अहवाल रोज पाठवून शुक्रवारी बंद करायचा आहे का, अशी उलट विचारणा आली, तेव्हा चूक ध्यानात आली. वाट पाहणे, झोपणे, थांबणे यांसारखी क्रिया त्या वेळेपर्यंत चालूच राहणार असेल तर ‘अंटिल’ किंवा ‘टिल’, आणि काम मुदतीच्या आत केव्हाही एकदा पुरे करायचे असेल तर ‘बाय’, एवढे आता पक्के समजले आहे.

गाडी अडते ती नकारार्थी वाक्यांत. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल तयार होणार नाही’ याचे ‘वोन्ट बी रेडी अंटिल फ्रायडे’ केले, तर वाचणारा शुक्रवारी अहवालाची अपेक्षा धरतो. ‘वोन्ट बी रेडी बाय फ्रायडे’ केले, तर शुक्रवारची मुदत हुकणार एवढेच त्याला कळते आणि त्यानंतर नेमका कोणत्या दिवशी अहवाल मिळेल, हे मोकळे राहते. मूळ मराठी वाक्यात मात्र दोन्ही अर्थ मावतात. लिहिणाऱ्याला विचारण्याची सोय नसेल, तर अशा वेळी आपण निवड कशाच्या आधारे करता?

दुसरा प्रश्न रजेच्या निरोपाचा आहे. ‘ऑन लीव्ह अंटिल फ्रायडे’ वाचून कोणी शुक्रवार रजेत धरतो, तर कोणी त्याच दिवशी फोन करतो. अमेरिकी इंग्रजीतील ‘थ्रू फ्रायडे’मध्ये शुक्रवार निःसंशय धरलेला असतो, पण तो प्रयोग सर्वांच्या सवयीचा नाही. त्यापेक्षा ‘बॅक ऑन मंडे’ असे सरळ परतीचा दिवस सांगणारे लिहावे, असे माझे मत झाले आहे. औपचारिक पत्रात ते चालेल का?

‘शंका’ या शब्दाचीही हीच गत आहे. प्रश्न विचारायचा असताना आपण ‘आय हॅव अ डाउट’ लिहितो आणि परक्या वाचकाला तो अविश्वास वाटतो. तिथे मी आता ‘क्वेश्चन’ वापरतो.

केवळ नियम नकोत, आपल्या लेखनात आलेली नकारार्थी वाक्ये मूळ मराठीसह दिलीत तर फार उपयोग होईल.