काचेवर मिठाचे एकदम बारीक कण कसे पाडायचे? माझं सारखं कडंच उमटतंय

खारीबुंदी:
नमस्कार मंडळी, एमएस्सी फिजिक्सचा प्रोजेक्ट चालू आहे, स्लाइडवर मिठाचे १ मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) आतले सुटे सुटे कण हवेत, लेसर टाकून प्रकाश कसा विखुरतो ते बघायचंय. सर म्हणाले सोपं आहे, मिठाच्या पाण्याचा थेंब टाक, पाणी उडालं की मीठ राहील. राहतं की! पण थेंबाच्या कडेने पांढरं कडं, त्यात ५०-१०० मायक्रॉनचे ठोकळे, आणि मधे जवळजवळ काहीच नाही. ५ टक्क्यांचं द्रावण होतं, मग १ टक्का केलं, कडं जरा बारीक झालं इतकंच. हॉटप्लेटवर अजूनच वाईट. काल तर कहर, दोन बऱ्या स्लाइड जमल्या म्हणून झाकून ठेवल्या आणि सकाळी बघते तर कण गायब, नुसते पाण्याचे ठिपके. रत्नागिरीत आहे, पाऊस धो धो. कोणी केलंय का हे?

चहाचा_डाग:
कडं येणारच गं. थेंबाची कड काचेला धरून बसते, तिथे थर पातळ, पाणी आधी तिथून उडतं, मग ते भरून काढायला मधलं पाणी कडेकडे वाहत राहतं आणि येताना मीठ ओढून आणतं. १९९७ मध्ये शिकागोच्या डीगन वगैरे मंडळींचा कॉफीच्या डागावरचा पेपर नेचरमध्ये आलाय, तो वाच. पाण्याऐवजी अल्कोहोल घेऊन बघ, झटकन उडेल.

बाष्पभाऊ:
अल्कोहोलचं जरा थांबा. इथेनॉलमध्ये मीठ विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, १०० ग्रॅमला ०.१ ग्रॅमसुद्धा नाही, पाण्यात तेच ३६ ग्रॅम. मिथेनॉलमध्ये एक-दीड ग्रॅम जातं पण ते विषारी, लॅबमधल्या वाफा ओढून घेणाऱ्या हूडशिवाय हात लावू नकोस.

खरी गोची थेंबाच्या आकाराची आहे. पिपेटचा २ मायक्रोलिटरचा थेंब, १ टक्का द्रावण, म्हणजे २० मायक्रोग्रॅम मीठ, ते सगळं एका ठोकळ्यात गेलं तर बाजू २०० मायक्रॉन! थेंब काचेवर पडण्याआधीच बारीक पाहिजे. वाफ घ्यायचा नेब्युलायझर असतो ना, त्याचे थेंब साधारण ५ मायक्रॉनचे. मेडिकलमधलं ०.९ टक्क्याचं सलाइन त्यात घातलं तर ५ मायक्रॉनचा थेंब सुकून ०.८ मायक्रॉनचा कण उरतो. दहापट डिस्टिल्ड पाणी घातलंस तर ०.४ च्या जरा खाली. घनमूळ आहे बघ मधे, कण दहापट लहान हवा तर द्रावण हजारपट पातळ, म्हणून तुझं ५ वरून १ टक्का करून काही हललं नाही. घरातलं मीठ नको, त्यात गोळे होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर असते.

आणि स्लाइडवर थेट फवारू नकोस, थेंब एकमेकांत मिसळून परत तेच कडं. झाकणाच्या डब्यात फवार, स्लाइड तळाशी, आणि सोडून दे. ०.८ चा कण तासाला जेमतेम वीतभर खाली येतो, त्याहून बारीक तर फारच रेंगाळतो, त्यामुळे घाई नको.

उरणकर:
सकाळी गायब झाले त्याचं सांगतो. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं, बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेच हे. आमच्याकडे मिठागरं पावसाळ्यात बंद असतात ते काय उगाच नाही. या दिवसांत नुसत्या डब्यात थेंब हवेत सुकणारच नाहीत, ओलेच खाली बसतील. ओल शोषणारं सिलिका जेल डब्यात भरपूर टाक, आदल्या रात्रीपासून, निळं असेल ते गुलाबी झालं की ओव्हनमध्ये तापवून परत वापर. अल्कोहोलने तर अजून पंचाईत, ते उडताना काच गार पडते आणि वर दव धरतं.

खारीबुंदी:
झालं!! आजीचा नेब्युलायझर पळवला (धुऊन परत दिला, तरी ऐकून घेतलंच), दहापट पातळ सलाइन, स्टीलच्या डब्यात सिलिका जेल, आणि रात्रभर ठेवलं. मायक्रोस्कोपच्या ४० पटीच्या लेन्सखाली नुसते चमकते ठिपके, कडं नाही. काही ठिकाणी दोन-तीन चिकटलेत, मधेच एखादा मोठा. पण चौकोनी काही दिसेनात, गोलच वाटतात, हे मीठच आहे ना?

बाष्पभाऊ:
मीठच आहे. ०.४ मायक्रॉन म्हणजे साध्या मायक्रोस्कोपच्या अगदी टोकाला, ठोकळा असला तरी ठिपकाच दिसणार. कोपरे बघायचे तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, वर सोन्याचा पातळ मुलामा. लेसरवर नेताना डब्याबाहेर किती मिनिटं काढतेस ते आणि खोलीतली आर्द्रता वहीत लिही, नाहीतर तू मिठाचा नाही, पाण्याच्या थेंबांचा प्रकाश मोजत बसशील.