वेळेआधी पोट कडक होतंय: तुमचं काय झालं होतं?

एकोणतिसावा_आठवडा:
नाशिकहून लिहितेय. दुसरी खेप. पहिल्या वेळी दिवस भरेपर्यंत पोटाने हूं की चूं केलं नव्हतं. यंदा २४व्या आठवड्यापासून रोज आठ-दहा वेळा पोट आवळून दगडासारखं होतं आणि मिनिटभराने सैल पडतं. दुखत नाही. मोठीला कडेवर घेतलं किंवा जिना चढले की हमखास. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. गर्भपिशवीचं तोंड बंद आहे, त्याची लांबी ३६ मिलिमीटर आहे, घाबरू नका म्हणाल्या. दिवसा ते पटतं, रात्री दोन वाजता पटत नाही. म्हणून कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहायच्या चौकटीत आता मी वेळा लिहिते. ज्यांना असं झालंय त्यांनी लिहा. वाईट झालं असलं तरी लिहा, फक्त तेव्हा काय केलंत तेही सांगा.

उसाचा_रस:
कोल्हापूर. माझं कारण ऐकून हसाल. ऑफिसातलं बायकांचं टॉयलेट म्हणजे नाकाला ओढणी लावून जायची जागा. ते टाळायला मी नऊ ते सहा एकच बाटली पाणी पुरवायची. २७व्या आठवड्यात एका दुपारी तासाभरात सहा वेळा पोट कडक झालं. दवाखान्यात लघवी तपासली तर जंतुसंसर्ग. ना जळजळ, ना ताप. अँटिबायोटिकचा कोर्स केला आणि चार-पाच दिवसांत पोट शांत. लेक ३९व्या आठवड्यात झाली. लघवी आधी तपासून घ्या ताई, आणि तुंबवून बसू नका. नुसती मूत्राशयाची पिशवी भरली तरी माझं पोट आवळायचं.

घड्याळवाला_नवरा:
मी बाबा आहे, चालेल ना? बायको म्हणायची ‘आलं’, मी मोबाईलवर बटण दाबायचो. दोन आठवड्यांचा तक्ता केला होता. डॉक्टरांनी तो बाजूला सारून बायकोलाच विचारलं, ‘कूस बदलली की थांबतं का?’ थांबायचं. तो प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हताच.

लेबररूमची_सिस्टर:
निवृत्त आहे. नवऱ्यांचे तक्ते पुष्कळ पाहिले! या आवळण्याबद्दल ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ साली लिहिलं, म्हणून याला त्याचंच नाव. वॉर्डातल्या मावशी खोट्या कळा म्हणायच्या. पोट कडक झालं की बोटांच्या टोकांनी दाबून बघा. नाकाच्या शेंड्यासारखं लागलं तर हलकी, हनुवटीसारखं लागलं तर मध्यम, कपाळासारखं लागलं तर जोराची. आम्ही असंच शिकलो. पण हलकी आहे म्हणून घरी बसायचं, असा त्याचा अर्थ नाही. ३७ आठवड्यांच्या आत तासाला चार-सहा कळा यायला लागल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं, खाली दाब आला किंवा बाळ कमी हललं, की निघायचं. पिशवीचं तोंड उघडतंय का, हे घरी कुणालाच कळत नाही, मलाही कळलं नसतं.

मोसंबीची_बाग:
आम्ही बीडकडचे. माझं खरंच वेळेआधी झालं. ३१वा आठवडा होता. कळ पोटात नव्हतीच, कंबरेत होती. पाळीच्या आधी ओढ लागते तशी यायची, जायची. सकाळी वाटलं, काल धुणं जास्त झालं. दुपारी भाकरी थापताना लक्षात आलं, दर दोन-तीन भाकरींनंतर मी परातीला धरून थांबतेय.

सासूबाई म्हणाल्या, ‘सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. व्हायचं तर आत्ताच होऊ दे.’ माया होती त्यात, पण गोष्ट साफ चुकीची. पोटातला एकेक दिवस बाळाच्या कामाचा असतो. आशाताईंना फोन केला, त्यांनी १०२ची गाडी बोलावली. ग्रामीण रुग्णालयात डेक्सामेथासोनचं पहिलं इंजेक्शन दिलं, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून, आणि जिल्ह्याला पाठवलं. तिथे बारा-बारा तासांनी उरलेली तीन. कळा थोपवायला निफेडिपिनच्या गोळ्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कळा कायमच्या थांबवत नाही आहोत, इंजेक्शनं पुरी व्हायला दोन दिवस मिळवतोय. मिळाले तीन. मुलगा १४५० ग्रॅमचा. काचेच्या पेटीत होता, मग उघड्या छातीशी बांधून कांगारूसारखा ठेवायचा. माझे हात दुखले की सासूबाई ब्लाउजची बटणं सोडून बसायच्या. त्याच सासूबाई. आता तिसरीत आहे, घरात सगळ्यात जास्त आवाज त्याचाच.

धुक्यातली_मराठी:
मँचेस्टर. इथे मॅटर्निटी ट्रायाजला, म्हणजे गरोदर बायकांच्या तातडीच्या विभागाला, फोन करायचा. ३० आठवड्यांच्या सुमाराला मी तीनदा गेले. एकदा फीटल फायब्रोनेक्टिनची स्वॅब तपासणी केली, निगेटिव्ह आली. म्हणजे लगेच बाळंतपणाची शक्यता कमी. तिसऱ्या वेळी मी माफी मागायला लागले, तर मिडवाइफ म्हणाली, चौथ्यांदाही ये.

पलंगावरची_राणी:
जरा उलटा सूर लावते. २३व्या आठवड्यात पिशवीच्या तोंडाची लांबी १८ मिलिमीटरच निघाली. दिवस टिकावेत म्हणून प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन सुरू केलं, ते ठीक. पण आईने पलंगावरून पाय खाली टेकवू दिला नाही, चहासुद्धा झोपून. असं झोपून पाचव्या आठवड्यात डावी पोटरी सुजून गरम झाली. रक्ताची गुठळी. मग बाळंतपणापर्यंत पोटात रोज इंजेक्शन. नवीन डॉक्टर म्हणाल्या, सक्तीने झोपवून ठेवल्याने वेळेआधीचं बाळंतपण टळतं असं दिसत नाही, गुठळीचा धोका मात्र वाढतो. घरात हिंडायला लागले, ३६व्या आठवड्यात बाळ. नोकरदारांसाठी आणखी एक. कायद्यात गरोदरपणातल्या आजारपणासाठी एक महिन्यापर्यंत जादा पगारी रजा आहे. आमच्या एचआरला ती मीच दाखवली.

एकोणतिसावा_आठवडा:
सगळं दोनदा वाचलं. परवा रात्री तासात सात झाले. पाणी पिऊन, कूस बदलूनही थांबेनात. नाकाच्या शेंड्याइतकेच, पण निघालो. मोठीला झोपेतच शेजारच्या काकूंकडे दिलं. पट्टे लावून मशीनवर बघितलं, तोंड अजून बंद आहे. लघवीचा रिपोर्ट उद्या. पहाटे घरी आलो तर काकू म्हणाल्या, ‘पोरगी उठलीच नाही, उगीच काळजी केलीत.’ कॅलेंडरवर परवाच्या चौकटीत इतक्या वेळा झाल्यात, की दूध एक लिटर घेतलं की दीड, तेच आता वाचता येत नाही.